विश्लेषण : बर्फाच्या घरात माणूस गारठत का नाही? आणि मग त्यात जीव कशाने जातो?

डिसेंबर लागला की सिंधुदुर्गात दोन उलट दिशांचे प्रवास सुरू होतात. मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीसाठी मालवण, तारकर्ली, देवबाग गाठतात आणि इथली कॉलेजातली, नुकती नोकरीला लागलेली मुले बर्फ बघायला हिमाचल-उत्तराखंडची वाट धरतात. केदारकंठासारखे हिवाळी ट्रेक, बर्फावर लावलेले तंबू आणि अलीकडे ‘इग्लूमध्ये एक रात्र’ अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसू लागल्या आहेत. पहाटेचा गारवा चादरीवर भागतो अशा किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मग साधाच प्रश्न पडतो. बर्फ थंड असतो, तर बर्फाच्या घरात झोपल्यावर ऊब कशी मिळते? या प्रश्नाचे निम्मे उत्तर मालवणच्या बंदरावर रोज बघायला मिळते. उरलेले निम्मे मात्र कोकणातल्या घरांच्या सवयीत अडकलेले आहे, आणि ते माहीत नसेल तर ती सवय जिवावर बेतू शकते.

मासळीच्या पेटीत काय दडले आहे?

बंदरावर मासळी उतरली की बर्फाची लादी फोडून चुरा होतो. थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फाचा, एक थर मासळीचा असे भरून पेटी गोवा, कोल्हापूर किंवा मुंबईला रवाना होते. ही पेटी बर्फ निर्माण करत नाही आणि आतल्या मालाला थंडही करत नाही. बाहेरची उष्णता आत शिरू न देणे एवढेच तिचे काम. थर्माकोल हे काम करतो, कारण त्याचा जवळपास सगळा आकार म्हणजे प्लास्टिकच्या पातळ कप्प्यांत कोंडलेली हवा असते. थर्माकोल येण्याआधी लादीवर लाकडाचा भुसा आणि गोणपाट टाकत, त्यामागेही हेच तत्त्व होते. हलू न शकणारी हवा ही उष्णतेची सर्वात स्वस्त अडवणूक आहे.

आता हीच पेटी उलटी कल्पून पाहा. थंडी बाहेर आणि ऊब आत. पेटीला काहीच फरक पडत नाही, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखीच अडवते. हिमालयात ही पेटी विकत आणावी लागत नाही, ती आकाशातून पडते.

इथे भाषा थोडी घोटाळा करते. बंदरावरची लादीही ‘बर्फ’ आणि मनालीच्या रस्त्यावर पडलेली पांढरी भुकटीही ‘बर्फ’च. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या वस्तू म्हणाव्यात इतका फरक आहे. एक घनमीटर घट्ट बर्फाचे वजन सुमारे ९१७ किलो भरते. ताज्या पडलेल्या हिमाचे तेवढेच आकारमान ५० ते १०० किलोंत आटोपते. उरलेली जागा हवेची. म्हणजे ताजे हिम हे नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, स्फटिकांच्या जाळीत अडकलेली. उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेत हा फरक आणखी ठळक होतो. घट्ट बर्फाची उष्णतावाहकता साधारण २.२ (वॉट प्रति मीटर प्रति अंश) असते, तर दाबून बसवलेल्या हिमाची ०.२ ते ०.३ आणि अगदी हलक्या ताज्या हिमाची ०.०५ च्या आसपास. थर्माकोलची ०.०३५. हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की कोडे बरेचसे सुटते.

शरीर हीच शेगडी

हिमनिवाऱ्यात ऊब आणणारे यंत्र म्हणजे माणूस स्वतः. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण ७५ ते ८० वॉट उष्णता बाहेर पडत राहते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. दोघे असतील तर १५० वॉट. दोघांपुरत्या घुमटाच्या भिंतीचे क्षेत्रफळ आठ चौरस मीटर, जाडी एक फूट आणि हिम दाबून बसवलेले असे धरले, तर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षातले सूत्र सांगते की आत आणि बाहेर साधारण २२ अंशांचा फरक टिकू शकतो. प्रत्यक्षात तो कमी भरतो, कारण दारातून आणि हवेच्या छिद्रातून उष्णता निसटते, थोडी जमिनीत जाते. तरीही बाहेर उणे १५ अंश असताना आत शून्याच्या जरा खाली राहणे अगदी शक्य असते. कापडी तंबूत हा फरक जेमतेम काही अंशांचा असतो आणि वारा सुटला की तोही जातो.

शून्याच्या वर मात्र फारसे जाता येत नाही, आणि जाऊही नये. तापमान शून्याला पोहोचले की आतली भिंत वितळू लागते आणि वाढीव उष्णता त्या वितळण्यात खर्च होते. त्यामुळे हिमनिवाऱ्यात कोणी ‘गरम’ झोपत नाही. शून्याच्या आसपास, वारा नसलेल्या, शांत जागेत चांगल्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपणे आणि उघड्यावर उणे १५ मध्ये वाऱ्यात पडणे, यातला फरक जगण्या-मरण्याचा असतो. जाहिरातींत ‘उबदार इग्लू’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ एवढाच.

इग्लू, गुहा की ढिगारा?

सगळ्यांना माहीत असलेला प्रकार म्हणजे इग्लू. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नुसते ‘घर’. वाऱ्याने घट्ट झालेल्या हिमाच्या विटा कापून त्या गोल चढत्या रांगेत रचत नेतात. आत सीलच्या चरबीचा दिवा लावला की भिंतीचा आतला पापुद्रा किंचित वितळून पुन्हा गोठतो आणि घुमटाला आतून काचेसारखे अस्तर बसते. दिसायला सोपे वाटले तरी हे गवंडीकाम आहे. विटांसाठी योग्य हिम ओळखणे हीच अर्धी विद्या, आणि नवख्याला एका रात्रीत ती येत नाही.

दुसरा प्रकार हिमगुहेचा. वाऱ्याने उतारावर साचलेल्या हिमाच्या जाड थरात आडवे खणत जायचे. गिर्यारोहक संकटात बहुधा असाच आडोसा शोधतात. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली माउंट कुकच्या शिखराजवळ मार्क इंग्लिस आणि फिल डूल हे दोघे वादळात सापडले. बर्फातल्या एका कपारीत त्यांनी १३ दिवस काढले. दोघेही वाचले, पण हिमदंशामुळे दोघांचेही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. इंग्लिस यांनी पुढे २००६ मध्ये कृत्रिम पायांवर एव्हरेस्ट गाठले. बर्फाचा निवारा काय देऊ शकतो आणि काय देऊ शकत नाही, हे या एका घटनेत दिसते.

तिसरा प्रकार, नवख्यांना जमणारा आणि सपाट जागेवर करता येणारा, म्हणजे ‘क्विंझी’. उत्तर कॅनडातल्या मूळ रहिवाशांकडून आलेला हा शब्द. हिमाचा मोठा ढिगारा करायचा, तो घट्ट होऊ द्यायचा आणि आतून पोखरायचा. भारतात पर्यटकांसाठी जे इग्लू बांधतात त्यांत मात्र तयारीला बराच वेळ आणि मनुष्यबळ जाते. मनालीजवळ हामटा खोऱ्यातल्या सेथन गावात पर्यटकांना इग्लूत राहता येते. काश्मीरमध्ये गुलमर्गला २०२२ च्या हिवाळ्यात ३७ फुटांहून उंच इग्लू कॅफे उभारला गेला आणि तो जगातला सर्वात मोठा असल्याचा दावा झाला. तिथे कॉफी पिऊन बाहेर पडायचे असते. रात्र काढायच्या निवाऱ्याचे नियम वेगळे.

ढिगाऱ्याचे घर कसे होते?

दोन-तीन जणांसाठी आठ-दहा फूट व्यासाची जागा आधी पायांनी तुडवून घट्ट करतात. तिच्यावर फावड्याने हिम टाकत सहा-सात फूट उंच ढीग रचायचा. हे काम वाटते त्यापेक्षा दमवणारे असते. उंचीवर हवा विरळ, त्यात जाड कपडे. कोकणातून गेलेल्या माणसाची इथे हमखास होणारी चूक म्हणजे थंडी वाजेल म्हणून जॅकेट अंगावर ठेवूनच खणत राहणे. घाम येतो, आतले सुती बनियन भिजते आणि काम थांबल्यावर तेच ओले कापड रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेते. जाणकार खणताना मुद्दाम कमी कपडे घालतात, सुती टाळतात आणि थांबल्याबरोबर कोरडे चढवतात.

ढीग झाला की थांबायचे. किमान दीड-दोन तास, थंडी फार असेल तर जास्त. घाईत असलेल्यांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, पण खरे बांधकाम याच वेळात होते. फावड्याने उलथताना हिमाच्या नाजूक चांदण्या मोडून बारीक कण होतात. हे कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे न वितळताच चिकटू लागतात. धातूची भुकटी दाबून, वितळू न देता तापवली की तिचा अखंड भाग तयार होतो. कारखान्यात त्याला सिंटरिंग म्हणतात. हिमाच्या ढिगाऱ्यातही तेच घडते. चिवल्याच्या किनाऱ्यावर मुले ओल्या वाळूत बोगदे करतात, ते थोड्या वेळाने ढासळतात. वाळूच्या कणांना धरून ठेवणारे पाणी सुकते, हिमाच्या कणांमध्ये मात्र सांधे तयार होतात. (या कारणासाठीच ‘आधी वाळूत सराव करू’ हा विचार डोक्यातून काढून टाकलेला बरा. वाळूतल्या खोल खड्ड्यात गाडले जाणे जीवघेणे असते.)

ढीग बसत असताना एक-एक फूट लांबीच्या काटक्या सगळ्या बाजूंनी आत खोचून ठेवतात. ही युक्ती फार साधी आणि फार कामाची आहे. आतून पोखरताना काटकीचे टोक दिसले की हात थांबवायचा, म्हणजे भिंत सगळीकडे फूटभर जाड राहते. नाही तर अंधारात आत खणणाऱ्याला आपण भिंतीच्या किती जवळ आलो ते कळत नाही आणि घुमटाला भोक पडते.

दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, जमिनीलगत आणि सरपटत जाता येईल एवढेच ठेवतात. आत गेल्यावर खणण्याचा रोख वरच्या दिशेने. छताचा आकार कमानीसारखा आणि आतली बाजू हाताने गुळगुळीत केलेली हवी. छताला एखादा उंचवटा राहिला तर वितळलेले पाणी तिथे जमून झोपलेल्याच्या तोंडावर थेंब थेंब पडते. गुळगुळीत छतावरून ते भिंतीकडे ओघळते.

पोखरण्याचे काम सुरू असताना एक जण कायम बाहेर उभा हवा, फावडे हातात घेऊन. हा नियम पाळला जात नाही, कारण बाहेर उभे राहून थंडी वाजते. पण दाबलेल्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन तीन ते चार क्विंटल भरते. छत बसले तर आत पालथ्या पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येता येत नाही. छतावर कोणी चढू नये म्हणून बाहेर काठ्या रोवून खूणही करतात. रात्री हिमवर्षाव झाला तर हा घुमट साधा उंचवटाच दिसतो.

दार खाली, अंथरूण वर

निवाऱ्याच्या आत झोपण्याचा ओटा दाराच्या वरच्या कडेपेक्षा उंच ठेवतात. थंड हवा जड असते, ती खाली दाराकडच्या खळग्यात उतरते आणि शरीराने तापवलेली हवा ओट्यावर घुमटात साठते. दार ओट्याच्या पातळीवर ठेवले तर बादलीला तळाशी भोक पाडल्यासारखे होते, फक्त उलटे. ऊब वरून निघून जाते.

ओट्यावर थेट स्लीपिंग बॅग टाकून चालत नाही. अंगाखाली दबलेल्या बॅगेतली हवा निघून जाते आणि हवा गेली की बॅगेचा तो भाग साध्या कापडाइतकाच राहतो. म्हणून खाली फोमची चटई लागते, शक्यतो दोन. पेंढ्याच्या अंथरुणावर गोठ्यातले वासरू सुखाने झोपते ते याच हिशेबाने.

रात्रीसाठी फावडे आत घ्यायचे. बाहेर ठेवलेले फावडे सकाळी हिमाखाली सापडत नाही आणि दार बुजले तर आतून खणायला काही उरत नाही.

मुठीएवढ्या छिद्रावर सगळे अवलंबून

आता त्या उरलेल्या निम्म्या उत्तराकडे. ऊब कोंडून ठेवणारी भिंत हवाही कोंडते. म्हणून छताजवळ, तिरपे, मुठीएवढे छिद्र पाडलेच पाहिजे आणि दारही खाली थोडे उघडे राहिले पाहिजे. खालून ताजी हवा येते, वरून वापरलेली निघते. दार बॅगेने झाकायचे ते वारा अडेल एवढेच, पूर्ण गच्च नाही. छिद्रात ट्रेकिंगची काठी खोचून ठेवतात आणि रात्री जाग येईल तेव्हा ती हलवून वाट मोकळी करतात. हिमवर्षाव होत असेल तर पाळीने जागतात.

इतके करूनही माणसे मरतात ती बहुधा श्वासाच्या हवेमुळे नाही. नुसत्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढला तर डोके जड होते, धाप लागते, जीव घुसमटतो आणि बहुतेक वेळा माणूस जागा होतो. खरा धोका आत पेटवलेल्या स्टोव्हचा, सिगडीचा किंवा गॅस हीटरचा. हवा अपुरी पडली की इंधन पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही. त्याने घुसमटल्यासारखे वाटत नाही, झोप येते.

बर्फाच्या मुक्कामात यात आणखी एक भर पडते. पिण्याच्या पाण्यासाठी भांडे भरून हिम वितळवावे लागते. त्या थंडगार भांड्याच्या बुडाला ज्योत टेकली की ती तिथेच विझत-विझत जळते आणि मोनॉक्साइड अधिक निघतो. बाहेर वारा आहे म्हणून चहा आत करू, हा विचार सगळ्यांनाच सुचतो.

मेणबत्ती लावून ठेवली की हवा बिघडल्यावर ती विझेल आणि कळेल, असा एक समज ट्रेकर्समध्ये ऐकू येतो. ऑक्सिजन फारच कमी झाला तर मेणबत्ती मंदावते, हे खरे. पण जीव घेण्याइतका मोनॉक्साइड हवेत असतानाही ती तेवढ्याच डौलात जळत राहते. हा वायू जवळपास हवेइतकाच जड असल्यामुळे तो खाली बसत नाही आणि वरही जात नाही, सगळीकडे पसरतो. ओटा उंच आहे म्हणून धोका कमी, असेही नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळच्या आठ पर्यटकांचा एका खोलीत मृत्यू झाला. त्यात चार मुले होती. थंडीसाठी गॅस हीटर लावून खोली आतून बंद केलेली होती. ही बर्फाची गुहा नव्हती, पर्यटकांचे साधे निवासस्थान होते. हिमनिवाऱ्याची जागा अशा खोलीच्या तुलनेत फारच छोटी असते, म्हणजे वायू साचायला वेळही तेवढाच कमी लागतो.

कोकणातल्या माणसाला हे वेगळे का सांगावे लागते?

कारण कोकणातले घर कधी बंदच नसते. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, चुलीचा धूर कौलांतून वर निघतो, पडवी उघडी असते. अंगणात चुडतांचा माटव घालतात तो सावली देतो आणि वारा अडवत नाही. इथल्या बांधणीचा सगळा कल उष्णता आणि दमटपणा बाहेर काढण्याकडे आहे. अशा घरात चूल दिवसभर पेटती राहिली, थंडीत निखाऱ्यांचे घमेले माजघरात आणून ठेवले, तरी पिढ्यान् पिढ्या कोणाला काही झाले नाही. त्यामुळे ‘आत विस्तव’ ही गोष्ट मनात धोक्याची म्हणून नोंदलेलीच नाही. हिमनिवारा हे याच्या नेमके उलटे घर आहे. तिथे एकही फट आपोआप राहत नाही, ती मुद्दाम पाडावी लागते.

दुसरी अडचण उंचीची. समुद्रसपाटीवरून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत दहा-बारा हजार फुटांवर पोहोचतो. केदारकंठा शिखर सुमारे १२,५०० फुटांवर आहे. तिथे डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणेही हीच. मग मित्र म्हणतात, उंची लागली आहे, गोळी घे आणि झोप. यापेक्षा घातक सल्ला दुसरा नसेल. दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एकाच निवाऱ्यातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, किंवा बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटू लागले, तर संशय आधी वायूचा घ्यायचा. माणसाला ताबडतोब बाहेर काढायचे, पांघरूण घालायचे आणि ऑक्सिजनची व्यवस्था असलेल्या ठिकाणी हलवायचे. बाहेर काढायला आत जाणाऱ्यानेही तिथे रेंगाळायचे नाही. दुसरा बळी बहुधा असाच जातो.

जागा चुकली तर?

हिमगुहेसाठी जाड थर हवा आणि जाड थर साचतो तो वाऱ्याच्या आडच्या उतारावर. हिमकडे कोसळतात तेही बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या अशाच उतारांवर. म्हणून प्रशिक्षण नसलेल्याने उतारात गुहा खणण्याच्या फंदात पडू नये, उताराच्या पायथ्याशीही मुक्काम करू नये. संरक्षण संशोधन संस्थेची चंदीगडमधली प्रयोगशाळा, डीजीआरई, हिमालयातल्या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहायला दोन मिनिटे लागतात.

हिमनिवाऱ्यात राहणे आणि हिमाखाली गाडले जाणे यांत गल्लत होऊ नये म्हणून सियाचिनची घटना आठवावी लागते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी १९,६०० फुटांवरच्या सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. हवेच्या पोकळीमुळे ते तग धरू शकले, असे त्या वेळी सांगितले गेले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ही घटना देशाने श्वास रोखून पाहिली ती अपवादात्मक होती म्हणूनच. एरवी हिमकड्याखाली सापडलेल्याला १५ मिनिटांत काढले तर वाचण्याची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घसरते. दाबलेल्या हिमात हवा भरपूर असली तरी ती छातीपर्यंत पोहोचत नाही.

शेजारच्या वास्कोचा धडा

बर्फात घर करण्याचा भारताचा सर्वात मोठा अनुभव, गंमत म्हणजे, कोकण किनाऱ्यावरूनच सुरू झाला. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे पोहोचली. आजही या मोहिमांचे सगळे नियोजन मालवणहून काही तासांच्या अंतरावर असलेल्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालते. भारताचे तिथले पहिले तळघर, ‘दक्षिण गंगोत्री’, १९८३-८४ मध्ये बर्फाच्या थरावर उभे राहिले. ‘तळघर’ हा शब्द त्याला पुढे अक्षरशः लागू पडला. दरवर्षीच्या हिमाखाली ते गाडले जात गेले आणि काही वर्षांतच वापरातून काढावे लागले. त्यानंतरचे ‘मैत्री’ बर्फ नसलेल्या खडकाळ जमिनीवर बांधले गेले, आणि २०१२ पासून सुरू असलेले ‘भारती’ही खडकावरच, जमिनीपासून उंच उचललेले आहे. संशोधक असोत वा तंत्रज्ञ, अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांना आधी उत्तराखंडात औली इथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावर राहण्याचे प्रशिक्षण दिले जाते. ज्यांच्या पाठीशी जहाज, हेलिकॉप्टर आणि डॉक्टर असतात, त्यांनाही ते चुकत नाही.

बुकिंग करण्यापूर्वी काय विचारावे?

हिमनिवारा बांधायला खरोखर शिकायचे असेल तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था यांचे अभ्यासक्रम हा सरळ मार्ग आहे. जागा मर्यादित असतात, नाव आधी नोंदवावे लागते. नुसता अनुभव घ्यायचा असेल आणि पॅकेजमध्ये बर्फातला मुक्काम असेल तर पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी फोनवर विचारून घ्याव्यात. स्वयंपाक कुठे होतो, वेगळ्या उघड्या तंबूत की झोपण्याच्या जागेत? रात्री आत काही पेटवू देतात का? याला ‘हो, थंडी वाजली तर हीटर देतो’ असे कौतुकाने उत्तर आले तर दुसरा आयोजक शोधावा. इग्लूला हवेचे छिद्र आहे का आणि रात्री ते कोण पाहते? ऑक्सिजन सिलिंडर आहे का, आणि रस्त्याला लागायला किती तास चालावे लागते? मुक्कामाला किती दिवसांत नेतात, वाटेत उंचीची सवय होण्यासाठी थांबा आहे का?

फोमच्या दोन चटया आणि लोकरीचे किंवा सिंथेटिक आतले कपडे स्वतःचे असावेत, भाड्याच्या सामानावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा बॅटरीवरचा छोटा अलार्म ऑनलाइन विकत मिळतो. घेताना तो किती उणे तापमानापर्यंत चालतो हे खोक्यावर पाहावे, कारण यातले बरेचसे घरातल्या वापरासाठी बनवलेले असतात. तो बॅगेच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. झोपताना उशाजवळ, चालू करून, बटण दाबून आवाज येतो का ते तपासून ठेवायचा.